आधी प्रश्न, मग पद्धत, शेवटी प्रस्तावना

संशोधन प्रस्तावात प्रस्तावना पहिल्या पानावर येते, म्हणून ती लिहायलाही पहिली घ्यावी, असा विद्यार्थ्यांचा समज असतो. बहुतेक प्रस्ताव तिथेच फसतात. ‘भारत हा विविधतेने नटलेला देश आहे’ इथपासून सुरुवात होते. मग महाराष्ट्र येतो, मग रायगड जिल्हा, त्याचे क्षेत्रफळ, पर्जन्यमान, गडकिल्ले. तिसरे पान संपत आले तरी विद्यार्थ्याला नेमके काय शोधायचे आहे, ते कळत नाही. पुढचे ‘संशोधन पद्धती’ हे प्रकरण बहुधा एखाद्या जुन्या प्रबंधातून जसेच्या तसे उतरवलेले असते. या दोन प्रकरणांचा एकमेकांशी संबंध नाही, हे परीक्षकाच्या दोन मिनिटांत लक्षात येते.

पूर्वी ही अडचण एम.ए. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांपुरती होती. आता ती पदवीच्या वर्गापर्यंत आली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या आराखड्यानुसार चार वर्षांच्या पदवीत पहिल्या सहा सत्रांमध्ये ७५ टक्के गुण मिळवणाऱ्याला चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येते आणि त्यासाठी १२ श्रेयांकांचा प्रबंध लिहावा लागतो. म्हणजे विशीतल्या मुलामुलींना सिनॉप्सिस लिहायचा आहे. त्याची आखणी कशी करावी, हे प्रत्यक्ष एखादा विषय हाती घेतला की चांगले उमगते. त्यासाठी खालापूर तालुक्यातले चौक हे गाव घेता येईल.

चौक जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर आहे. पनवेल-कर्जत लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे, डोक्यावर इरशाळगड आहे आणि जवळच नवी मुंबईला पाणी पुरवणारे मोरबे धरण. भूगोल, समाजशास्त्र, अर्थशास्त्र अशा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला इथे विषयांची वाण नाही. अडचण उलटी आहे. विषय इतके समोर दिसतात की विद्यार्थी ते सगळे एकाच शीर्षकात कोंबतो. ‘रायगड जिल्ह्यातील आदिवासींच्या समस्या : एक चिकित्सक अभ्यास’ या शीर्षकावर एक संस्था दहा वर्षे काम करू शकेल. ते एका विद्यार्थ्याला एका वर्षात पेलणारे नाही.

शीर्षक अरुंद करत नेणे हे आखणीचे पहिले काम. आदिवासी म्हणजे कोण? ठाकर की कातकरी? समस्या कोणती? शिक्षणाची, आरोग्याची की पोटापाण्याची? कुठल्या वाडीतली आणि कधीपासूनची? १९ जुलै २०२३च्या रात्री इरशाळगडाच्या उतारावरच्या इरशाळवाडी या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. वस्तीपर्यंत मोटारीचा रस्ता नव्हता, त्यामुळे बचाव पथकांना पायी चढून जावे लागले. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि २३ जुलैला शोधकार्य थांबवण्यात आले. वाचलेल्या कुटुंबांचे पुनर्वसन खाली चौक परिसरात झाले. या घटनेतून एका वर्षात उत्तर मिळेल असा प्रश्न काढायचा, तर तो असा काढता येईल : डोंगरावरून महामार्गालगत आल्यानंतर या कुटुंबांच्या उपजीविकेत काय बदलले? डोंगरउतारावरची वरकस जमीन, नाचणी-वरी, रानभाज्या, लाकूडफाटा यांवरचा भाग किती उरला आणि मजुरीचा किती वाढला?

हा प्रश्न ठरला की प्रस्तावनेत काय घ्यायचे आणि काय वगळायचे, ते आपोआप ठरते. इरशाळगडाचा इतिहास वगळायचा, कारण उपजीविकेच्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही. मोह कितीही झाला तरी वगळायचाच. २०१४मध्ये दरडीखाली गेलेले आंबेगाव तालुक्यातले माळीण मात्र घ्यायचे, कारण तिथेही गाव उठून दुसऱ्या जागी वसले आणि २०१७पासून लोक नव्या गावात राहू लागले. तुलनेला आधार मिळतो. इरशाळवाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती, ही बाब धोक्याच्या पूर्वसूचनेवर काम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या प्रस्तावनेत पहिल्या परिच्छेदात हवी. उपजीविकेवर काम करणाऱ्याला तिचा एका वाक्यात उल्लेख पुरे.

पार्श्वभूमी लिहिताना जुने दस्तऐवज चाळावे लागतात आणि इथे एक खाचखळगा आहे. चौकची जुनी माहिती शोधणारा विद्यार्थी कुलाबा जिल्ह्याचे १८८३चे गॅझेटिअर उघडतो आणि हात हलवत परततो. त्या काळी चौकसह कर्जतचा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. माहिती ठाण्याच्या १८८२च्या खंडात शोधायला हवी. १८५०मध्ये चौकला मुक्काम टाकून समोरचा डोंगर चढलेला आणि माथेरान उजेडात आणणारा ह्यू मॅलेट हा ठाण्याचाच कलेक्टर होता. पुढे हा भाग कुलाब्यात आला आणि १९८१मध्ये कुलाब्याचे रायगड झाले. जनगणनेचे आकडे जुळवतानाही हे ध्यानात ठेवावे लागते. शिवाय जनगणना महसुली गाव मोजते. वाडी त्या गावाच्या बेरजेत मिसळून जाते, म्हणून वाडीची स्वतंत्र लोकसंख्या तिथून मिळत नाही.

प्रस्तावनेतला सर्वांत जोखमीचा भाग म्हणजे पूर्वसंशोधनाचा आढावा. ‘या विषयावर आजवर संशोधन झालेले नाही’ हे वाक्य जवळपास प्रत्येक सिनॉप्सिसमध्ये असते आणि बहुतेक वेळा ते विद्यार्थ्याने शोधले नाही एवढेच सिद्ध करते. सह्याद्रीतल्या ठाकरांवर एल. एन. चापेकर यांचा इंग्रजी ग्रंथ १९६०मध्ये आला. कातकऱ्यांवर वेलिंग यांचे पुस्तक १९३४चे आहे. कर्जतच्या शेजारच्या बदलापूरवर ना. गो. चापेकरांनी १९३३मध्येच गावाचा बारकाईने अभ्यास करून मराठीत जाडजूड ग्रंथ लिहिला. विस्थापितांवर इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणग्रस्तांची पाहणी केली आणि ती डेक्कन कॉलेजने १९६९मध्ये प्रसिद्ध केली. एवढे वाचल्यावर विद्यार्थ्याला खरी उणीव नेमकेपणाने मांडता येते : धरणासाठी नोटीस देऊन उठवलेल्या गावांचा अभ्यास झाला आहे, पण एका रात्रीत, तयारीला एक दिवसही न मिळता उठलेल्या छोट्या वस्तीच्या उपजीविकेचे काय होते, हा प्रश्न वेगळा आहे. अशी नेमकी मांडणी केली की संशोधनाची गरज वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

आढाव्यात पुस्तकांची यादी नको. प्रत्येक जुन्या कामाने आपल्या प्रश्नाला काय दिले, ते सांगायला हवे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी १९१७मध्ये पिंपळे सौदागरचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते गाव पुण्याला आणि खडकीच्या दारूगोळा कारखान्याला लागून होते, त्यामुळे तिथली मजुरी आणि कमाई इतर गावांसारखी नव्हती. म्हणून दुसऱ्या अभ्यासासाठी त्यांनी आणि सहलेखक कानिटकरांनी शहरापासून लांबचे जातेगाव बुद्रुक निवडले. चौकवर काम करणाऱ्याला यातून थेट धडा मिळतो. महामार्गालगतच्या वस्तीत उत्पन्न बदलले, तर ते विस्थापनामुळे बदलले की रस्ता, फार्महाऊस आणि मुंबईची जवळीक यांमुळे, हे वेगळे काढण्याची सोय पद्धतीत हवी. त्यासाठी डोंगरावर अजून राहत असलेली, तशीच लहान अशी एक ठाकरवाडी तुलनेसाठी घ्यावी लागेल. आढाव्यातले वाचन पद्धतीला असे कामी यावे लागते.

उद्दिष्टे दोन-तीनच असावीत आणि ‘अभ्यास करणे’, ‘जाणून घेणे’ असल्या कशालाही चालणाऱ्या क्रियापदांऐवजी ‘मोजणे’, ‘तुलना करणे’, ‘नोंदवणे’ अशी हाताला लागणारी क्रियापदे घ्यावीत. गृहीतक असे हवे की ते खोटेही ठरू शकेल. ‘पुनर्वसनाचे आदिवासींवर विविध परिणाम झाले आहेत’ हे खोटे ठरूच शकत नाही, म्हणून ते गृहीतक नाही. ‘स्थलांतरानंतर कुटुंबाच्या उत्पन्नात शेती आणि वनोपजाचा वाटा घटला व मजुरीचा वाढला’ हे तपासता येते. निकाल उलटा आला तरी प्रबंध पडत नाही. बर्लिनमध्ये पीएच.डी. करताना इरावती कर्वे यांच्यापुढे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचे गृहीतक होते की कवटीच्या दोन बाजूंमधली विषमता वंशाशी निगडित असते. कर्वे यांनी कवट्या मोजल्या, तसा संबंध सापडला नाही आणि त्यांनी तसे लिहिले. पदवी त्यांना मिळाली.

संशोधन पद्धतीत सर्वांत जास्त उतरवेगिरी नमुना निवडीच्या परिच्छेदात होते. नमुन्याचा आकार काढायचे यामाने यांचे सूत्र विद्यार्थ्यांमध्ये फार लोकप्रिय आहे. समजा पुनर्वसित वस्तीत ४० कुटुंबे आहेत. पाच टक्के त्रुटी धरून सूत्रात आकडे घातले की ४० भागिले १.१, म्हणजे सुमारे ३६ असे उत्तर येते. मग विद्यार्थी ३६ घरांत जातो आणि चार घरे सोडतो. त्या चार घरांना का सोडले, याला सूत्राखेरीज उत्तर नसते. एवढ्या लहान वस्तीत नमुना घ्यायचाच नसतो, सगळ्या घरांत जायचे असते. ज्यांना बोलायचे नाही त्यांची संख्या नोंदवून पुढे जायचे. सूत्राचा उपयोग तालुक्यातल्या शेकडो वाड्या घेतल्या तर आहे. तिथेही आधी वाड्यांची यादी कुठून मिळवणार, हे लिहावे लागते.

दुसरी अडचण ‘आधी’ची माहिती कुठून आणायची ही. दरडीपूर्वीच्या उत्पन्नाची पाहणी त्या वेळी कोणी करून ठेवलेली नसेल, तर भिस्त लोकांच्या आठवणीवर राहते. ‘आपले वार्षिक उत्पन्न किती?’ असा प्रश्न विचारला की गोलगोल आकडा मिळतो, कारण वाडीतला माणूस वर्षाचा हिशेब त्या रीतीने ठेवत नाही. पावसाळ्यात आवणीला (भातलावणीला) कोणाकडे गेलात, किती दिवस, रोज काय मिळाला, नाचणी घरापुरती किती महिने पुरायची, चौकच्या बाजारात काय विकायला नेत होतात, असे हंगामाहंगामाने विचारले की आकडा हळूहळू जुळत येतो. याला जोड म्हणून सातबारा, ग्रामपंचायतीचे दप्तर, रोजगार हमीचे जॉबकार्ड, रेशनच्या नोंदी यांतले काय मिळेल ते आधी पाहून ठेवावे. माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. ते दिवस वेळापत्रकात धरावे लागतात.

प्रश्नावली दुसऱ्या एखाद्या वाडीतल्या पाच-सहा घरांत आधी चालवून बघावी. ‘वनोपज’, ‘उपजीविका’ हे शब्द प्रस्तावात चालतात, ओसरीवर चालत नाहीत. पूर्वचाचणीत अडलेले प्रश्न कोणते आणि ते कसे बदलले, हे दोन ओळींत लिहिले तरी परीक्षकाला विद्यार्थी प्रत्यक्ष जाऊन आल्याची खात्री पटते. वस्तुनिष्ठ आकड्यांबरोबर आठ-दहा सविस्तर मुलाखती ठेवाव्यात आणि कोणत्या प्रश्नाला आकडे उत्तर देतील, कोणत्याला मुलाखती, हे उद्दिष्टागणिक सांगावे. प्रस्तावनेतल्या एखाद्या उद्दिष्टासमोर पद्धतीत काहीच नसेल, तर ते उद्दिष्ट काढून टाकणे उत्तम.

नीतिविषयक परिच्छेद बहुतेकांच्या लेखी उपचार असतो. इथे मात्र तो सर्वांत जड आहे. ‘माहिती देणाऱ्यांची नावे बदलली जातील’ एवढ्याने चाळीसेक घरांच्या वस्तीत कोणाचीही ओळख लपत नाही. घरातली किती माणसे गेली आणि कोण उरले, एवढ्यावरून गावातले कोणीही माणूस ओळखेल. म्हणून एकेका कुटुंबाची कहाणी न छापता एकत्रित आकडे द्यायचे, असे आधीच ठरवावे लागते. त्या रात्रीविषयी विचारायचे नाही, हेही प्रस्तावात लेखी असावे, कारण उपजीविकेच्या प्रश्नाला त्याची गरज नाही. दुर्घटनेनंतर या लोकांकडे बरेच पाहुणे, अधिकारी आणि कॅमेरे येऊन गेले आहेत. संमती विचारताना नाही म्हणण्याची मोकळीक खरोखर द्यावी लागते आणि या संशोधनातून घर, मदत किंवा नोकरी मिळणार नाही, हे पहिल्याच भेटीत सांगावे लागते.

मर्यादांविषयी सविस्तर लिहिण्याची गरज नसते. पाहणी एका वस्तीची आहे, आधीची माहिती आठवणीवर आहे, निष्कर्ष सगळ्या पुनर्वसनांना लागू होणार नाहीत, एवढे पुरे.

वेळापत्रक मात्र कॉलेजच्या कॅलेंडरवरून आखले तर हमखास कोलमडते. जुलै-ऑगस्टमध्ये आवणी असते, दिवसा घरात म्हातारी माणसे आणि मुलेच सापडतात. कातकरी कुटुंबे अभ्यासात असतील तर दिवाळीनंतर त्यांतली बरीच वीटभट्ट्यांवर गेलेली असतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ठाकरवाडीसाठी भातकापणी आटोपल्यावरचे नोव्हेंबर-डिसेंबर सोयीचे, तेही संध्याकाळी. म्हणजे जूनमध्ये प्रश्न पक्का करून पद्धतीचा कच्चा मसुदा लिहायचा, पावसाळ्यात वाचन आणि कागदपत्रे उरकायची, गणपतीनंतर पूर्वचाचणी घ्यायची, तिच्यावरून पद्धत सुधारायची आणि मग प्रस्तावना लिहून सिनॉप्सिस गाइडच्या हाती द्यायचा. तोवर काय सांगायचे आहे ते ठरलेले असते, त्यामुळे प्रस्तावनेला तीन पानेही लागत नाहीत.