घरच्या सर्व्हरला प्रमाणपत्र कोणी द्यायचं?

(व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं जोडली आहेत.)

या मालेत मी सहसा ज्ञानमीमांसेवर बोलतो. म्हणजे अमुक गोष्ट मला ठाऊक आहे असं आपण कशाच्या आधारावर म्हणतो, या प्रश्नावर. आजचा विषय वरवर पाहता त्यापासून लांबचा वाटेल. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आता घरी छोटा सर्व्हर ठेवलाय. कुणाकडे रास्पबेरी पाय आहे, कुणाचा जुना लॅपटॉप कपाटावर अखंड चालू असतो. त्यावर घरातले फोटो, कागदपत्रं, काहींचे तर सगळे पासवर्डसुद्धा. आणि फोनवरून तो उघडायला गेलं की ब्राउझर बजावतो, ‘ही जोडणी सुरक्षित नाही.’

ही सूचना नेमकं काय म्हणते आणि ती योग्य रीतीने कशी घालवायची, एवढंच आज बघायचं आहे. ‘योग्य रीतीने’ असं मुद्दाम म्हणतो, कारण अयोग्य रीत दोन बोटांच्या टिचकीएवढी सोपी आहे.

कुलूप आणि ओळख

एचटीटीपीएस दोन कामं करतं आणि ती दोन वेगळी आहेत, हे आधी मनात पक्कं करा. पहिलं काम गुप्ततेचं. तुम्ही पाठवलेला मजकूर वाटेत कुणाला वाचता येऊ नये. दुसरं काम ओळखीचं. पलीकडे जो आहे तो खरोखर तोच आहे ना? पहिलं काम गणित करतं. १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी दाखवून दिलं, की आधी कधीही न भेटलेली दोन माणसं उघड्यावर बोलूनही एक समान गुपित तयार करू शकतात. फार मोठा शोध. पण गणित तुम्हाला हे सांगत नाही, की गुपित तुम्ही नेमकं कुणाबरोबर तयार केलं. चोराबरोबरसुद्धा उत्तम कुलूपबंद संभाषण करता येतं!

ओळखीसाठी लागतं प्रमाणपत्र. त्यात मुख्यतः तीन गोष्टी असतात: सर्व्हरचं नाव, त्याची सार्वजनिक किल्ली, आणि ‘ही किल्ली याच नावाची’ असं सांगणाऱ्या तिसऱ्या कुणाची तरी डिजिटल सही. या सार्वजनिक किल्लीची जोडीदार खासगी किल्ली सर्व्हरजवळच राहते, ती कुणाला द्यायची नसते.

आता कुणी म्हणेल, घरातल्या घरात ओळख कसली तपासायची? पण तुमच्या वायफायवर कोण कोण आहे ते एकदा मोजा. पाहुण्यांचे फोन, स्वस्तातला कॅमेरा, टीव्ही. या सगळ्यांच्या आतले प्रोग्राम तुम्ही तपासलेले नाहीत. शिवाय व्यावहारिक अडचण अशी, की सुरक्षित जोडणी नसेल तर ब्राउझर पानाला कूटलेखनाची काही साधनं वापरूच देत नाही. त्यामुळे पासवर्ड सांभाळणारा प्रोग्राम घरच्या सर्व्हरवर ठेवलात, तर बहुधा त्याचं वेबपान एचटीटीपीएसशिवाय चालणारच नाही.

साखळी कुठे थांबते?

सही तिसऱ्याची. मग त्या तिसऱ्याची सही खरी कशावरून? चौथा सांगतो. चौथ्याचं काय? आपल्या नैयायिकांनी या दोषाला नाव दिलंय: अनवस्था. पुराव्याला पुरावा मागत गेलात तर थांबायला जागाच उरत नाही.

ब्राउझर ही अनवस्था एका यादीने थांबवतो. शंभराहून अधिक मूळ प्रमाणपत्रं ब्राउझरमध्ये किंवा तुमच्या उपकरणात आधीच भरलेली असतात. या मूळ प्रमाणपत्रांवर सही कुणाची? त्यांची स्वतःचीच. बाकी सगळी प्रमाणपत्रं परतःप्रामाण्याने चालतात, म्हणजे त्यांचा खरेपणा बाहेरून ठरतो. मुळाशी आलं की मात्र आपण प्रामाण्य स्वतःसिद्ध धरून चालतो. तेही कुठवर? बाध होईपर्यंत, म्हणजे विरुद्ध पुरावा समोर येईपर्यंत. हा मीमांसकांचा पवित्रा झाला.

घरचा सर्व्हर बसवताना बहुतेक प्रोग्राम ‘सेल्फ-साइन्ड’ म्हणजे स्वतःच स्वतःवर सही केलेलं प्रमाणपत्र तयार करतात. आपल्याकडच्या स्वयंसाक्षांकित झेरॉक्ससारखंच ते. अशी झेरॉक्स कार्यालयात चालते, कारण पुढे कधीतरी मूळ कागद दाखवावा लागतो. ब्राउझरने तुमच्या सर्व्हरचा मूळ कागद कधी पाहिलेलाच नसतो. म्हणून तो अडवतो, आणि त्याचं बरोबरच आहे.

आप्त चुकतो तेव्हा

ज्याच्या शब्दावर विसंबावं तो आप्त. वात्स्यायनाने न्यायभाष्यात आप्ताची लक्षणं सांगितली आहेत: त्याला विषयाचं साक्षात ज्ञान हवं, आणि जसं पाहिलं तसं सांगायची इच्छा हवी. तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, जातकुळीने फरक पडत नाही. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना हीच कसोटी लावायला हवी, आणि इतिहास सांगतो की त्या कधी कधी कसोटीला उतरत नाहीत.

२०११ मध्ये डिजिनोटार या डच संस्थेत घुसखोरी झाली आणि पाचशेहून अधिक खोटी प्रमाणपत्रं निघाली. त्यातलं गुगलच्या नावाचं प्रमाणपत्र मुख्यतः इराणमधल्या लोकांवर पाळत ठेवायला वापरलं गेलं. ब्राउझरांनी संस्थेचं नाव यादीतून काढलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिचं दिवाळं निघालं. आपल्याकडेही जुलै २०१४ मध्ये नॅशनल इन्फर्मॅटिक्स सेंटरच्या प्रमाणपत्र विभागातून गुगलच्या नावांची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं उघड झालं. ती प्रमाणपत्रं देणारे अधिकार रद्द करावे लागले.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की थोड्या वेळाने मी तुम्हाला घरात स्वतःची प्रमाणपत्र संस्था उभी करायला सांगणार आहे. त्या संस्थेची किल्ली चोरीला गेली, तर तुमच्या घरापुरतं डिजिनोटार झालं म्हणून समजा.

पहिला रस्ता: घरचीच संस्था

यात तुम्ही स्वतः मूळ संस्था होता. ओपनएसएसएल हे जुनं साधन सगळीकडे मिळतं. एमकेसर्ट किंवा स्टेप-सीए हाताळायला सोपी आहेत. पायऱ्या तीनच आहेत.

पहिली पायरी, मूळ किल्ली आणि तिचं मूळ प्रमाणपत्र तयार करा. मुदत दहा वर्षं ठेवलीत तरी चालेल. किल्लीला भक्कम पासवर्ड द्या आणि ती सर्व्हरवर ठेवू नका. पेन ड्राइव्हवर घ्या, तो कपाटात. दुसरी प्रत दुसऱ्या जागी.

दुसरी पायरी, सर्व्हरसाठी वेगळी किल्ली तयार करून तिच्या प्रमाणपत्रावर मूळ किल्लीने सही करा. इथे दोन ठिकाणी लोक अडतात. सर्व्हरचं नाव ‘सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम’ या रकान्यातच हवं. जुन्या ‘कॉमन नेम’ रकान्याकडे क्रोमने २०१७ पासून बघणंच सोडलं आहे. सर्व्हर आयपी आकड्याने उघडत असाल, तर तो आकडाही याच रकान्यात घाला. दुसरं, मुदत ८२५ दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. १ जुलै २०१९ नंतर दिलेल्या प्रमाणपत्रांना ॲपलची उपकरणं त्याहून लांब मुदत मान्य करत नाहीत, मग संस्था घरची का असेना.

तिसरी पायरी, मूळ प्रमाणपत्र घरातल्या प्रत्येक उपकरणात बसवा. फक्त प्रमाणपत्र; किल्ली नव्हे. आयफोनवर ते बसवल्यावरही एक पायरी उरते. सेटिंग्जमध्ये जनरल, तिथून अबाउट, आणि तिथल्या ‘सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज’मध्ये वेगळं बटण चालू करावं लागतं. अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून अशी बाहेरून बसवलेली प्रमाणपत्रं ॲप आपणहून मानत नाहीत. बनवणाऱ्याने तशी सोय ठेवली असेल तरच मानतात. म्हणून ब्राउझरमध्ये सगळं ठीक दिसतं आणि फोनमधलं ॲप मात्र हटून बसतं.

आता यातली जोखीम. तुमची मूळ किल्ली फक्त तुमच्या सर्व्हरसाठीच सही करू शकते, असं नाही. ती कुठल्याही नावावर सही करू शकते, अगदी तुमच्या बँकेच्या नावावरसुद्धा. आणि घरातले सगळे फोन ती सही मुकाट्याने मानतील. म्हणून मूळ प्रमाणपत्र तयार करतानाच त्यात नावाची मर्यादा घाला: ‘या संस्थेने फक्त होम डॉट आर्पा या शेवटाच्या नावांवरच सही करावी.’ हा शेवट २०१८ पासून घरगुती नेटवर्कसाठीच राखून ठेवलेला आहे. आजचे मुख्य ब्राउझर ही मर्यादा पाळतात. जुनी उपकरणं पाळतीलच असं नाही, म्हणून किल्ली कपाटातच बरी. कॅडी नावाचा वेब सर्व्हर सगळं काम आपणहून करून देतो, पण तेव्हा मूळ किल्ली सर्व्हरवरच राहते, हे विसरू नका.

दुसरा रस्ता: स्वतःचं नाव

मग सार्वजनिक संस्थेकडूनच प्रमाणपत्र घेतलं तर? त्यांना १९२.१६८.१.१ साठी द्या म्हणालात तर त्या नकार देतील, आणि त्यामागचं कारण मला फार आवडतं. ‘इथे’ या शब्दाचा विचार करा. मी म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एक, तुम्ही म्हणता तेव्हा दुसरा. १९२.१६८ ने सुरू होणारे आकडे असेच आहेत. ते घरोघरी आहेत आणि प्रत्येक घरात त्यांचा अर्थ वेगळा. ‘इथे’ राहणाऱ्या माणसाला ओळखपत्र कुठलं कार्यालय देईल? पूर्वी काही संस्था अशा आतल्या नावांना प्रमाणपत्रं देत असत. १ नोव्हेंबर २०१५ नंतर ते बंद झालं.

म्हणून जगात एकमेव असलेलं नाव, म्हणजे डोमेन, विकत घ्यावं लागतं. त्यासाठी दरवर्षी थोडे पैसे भरावे लागतात. प्रमाणपत्र मात्र फुकट मिळू शकतं. लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा संस्थेने ३ डिसेंबर २०१५ पासून ते सर्वांना खुलं केलं.

संस्था तुम्हाला ओळखत नाही. ती एवढंच तपासते, की या नावावर तुमचा ताबा आहे का. नेहमीच्या पद्धतीत ती बाहेरून तुमच्या सर्व्हरपर्यंत येऊन बघते. घरच्या सर्व्हरचं दार इंटरनेटला उघडं ठेवू नये; शिवाय आपल्याकडच्या अनेक इंटरनेट कंपन्या बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून येताही येत नाही. त्यासाठी दुसरी पद्धत आहे, डीएनएसची. संस्था एक सांकेतिक मजकूर देते, तो तुम्ही डोमेनच्या डीएनएस नोंदीत लावता, संस्था ती नोंद वाचते. घराचं दार बंदच राहतं. सर्व्हरच्या नावासमोर डीएनएसमध्ये घरातला आकडा लावला की काम झालं. काही राउटर असं उत्तर अडवतात. तिथे आपल्या नावापुरता अपवाद करावा लागतो.

तीन गोष्टी सांभाळा. एक, प्रमाणपत्राची मुदत ९० दिवस असते आणि मुदती आणखी आखडत चालल्या आहेत. १५ मार्च २०२९ पासून कुठल्याही सार्वजनिक प्रमाणपत्राला कमाल ४७ दिवस मिळतील. तेव्हा नूतनीकरण पहिल्या दिवसापासून आपोआप होईल अशीच मांडणी करा. दोन, त्या नूतनीकरणासाठी सर्व्हरवर डीएनएसचं टोकन ठेवावं लागतं. त्याला कमीत कमी अधिकार द्या, कारण ज्याच्या हाती टोकन त्याच्या हाती तुमचं नाव. तीन, डिजिनोटारनंतर आलेल्या पारदर्शकतेच्या व्यवस्थेमुळे दिलेलं प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक नोंदवहीत चढतं. सर्व्हरच्या नावात ‘आईचा-कॅमेरा’ असं काही घातलंत तर ते जगाला दिसेल. त्यावर उपाय म्हणजे वाइल्डकार्ड, म्हणजे डोमेनखालच्या सगळ्या नावांना मिळून एकच प्रमाणपत्र.

प्रश्नोत्तरं

*सर, सर्व्हर माझाच आहे हे मला ठाऊक आहे. मग ‘ॲडव्हान्स्ड’ दाबून पुढे गेलो तर बिघडलं कुठे?*

तुम्हाला ठाऊक आहे की तुम्ही गृहीत धरता? प्रमाणपत्राचा ठसा, म्हणजे फिंगरप्रिंट, सर्व्हरवर जाऊन स्वतः पाहिलात आणि फोनवरच्या ठशाशी ताडून पाहिलात, तर ते प्रत्यक्ष ज्ञान झालं. मग खुशाल पुढे जा. माझी काळजी वेगळी आहे. घरातली इतर माणसं तुमचं बघून शिकतात. फोटो बघायला रोज ‘पुढे जा’ दाबायची सवय लागलेली आजी, बँकेच्या पानावर तीच सूचना आली तर थांबेल का? ही सूचना म्हणजे बाधज्ञान आहे, ‘तुझा समज खोटा असू शकतो’ असं सांगणारं. घरातल्या कुणालाही ते दुर्लक्षायला शिकवू नका.

*दोन्हींपैकी कुठला रस्ता घ्यावा?*

घरात अँड्रॉइडची ॲप वापरायची असतील, पाहुण्यांनाही सर्व्हर उघडून द्यायचा असेल, तर डोमेन घ्या. उपकरणं मोजकी असतील, किंवा सर्व्हरचं नावसुद्धा बाहेर कळू नये असं वाटत असेल, तर घरची संस्था. पण कुठलाही घ्या, एका कागदावर मराठीत लिहून ठेवा: किल्ली कुठे आहे, डोमेन कुणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपते. माझ्या वयाच्या मंडळींनी तर नक्कीच. डोमेनचं नूतनीकरण चुकलं तर ते नाव उद्या दुसरं कुणी विकत घेईल, आणि त्याला मिळणारं प्रमाणपत्र अगदी खरं असेल. तो कागद घरातल्या एखाद्याला वाचून दाखवा, आणि त्याला समजला नाही तर पुन्हा लिहा.