जास्त चुका नोंदवणारा वॉर्ड चांगला?

समजा, आपला माणूस रुग्णालयात दाखल करायचा आहे आणि दोन वॉर्डांपैकी एक निवडायचा आहे. एका वॉर्डात गेल्या सहा महिन्यांत औषध देण्यातल्या दोन चुकांची नोंद झाली, दुसऱ्यात वीस चुकांची. कोणता वॉर्ड निवडाल? बहुतेक जण फार विचार न करता पहिल्याचे नाव घेतील. पण हे उत्तर चुकीचे असू शकते, असे तीसेक वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीच्या संशोधनातून पुढे आले.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात ॲमी एडमंडसन पीएचडी करत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. शल्यचिकित्सक ल्युसियन लीप आणि त्यांचे सहकारी डॉक्टर त्या काळात रुग्णालयांत औषधांच्या चुका कशा होतात, याचा अभ्यास करत होते. त्यातला 'टीम'चा भाग एडमंडसन यांच्याकडे आला. दोन रुग्णालयांतील आठ वॉर्ड त्यांनी निवडले. वॉर्डातल्या लोकांना प्रश्नावली देऊन टीमचे आपसात किती जमते, हे मोजले. प्रशिक्षित परिचारिका दर काही दिवसांनी वॉर्डात जाऊन, केसपेपर तपासून आणि कर्मचाऱ्यांशी बोलून चुकांची मोजदाद करत होत्या.

ज्या टीमचे आपसात चांगले जमते तिथे चुका कमी होणार, असा एडमंडसन यांचा अंदाज होता. आकडे नेमके उलटे आले. चांगल्या टीमच्या वॉर्डांत चुकांची संख्या जास्त होती. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त चुका असलेल्या वॉर्डांत फरक जवळपास दहापट होता. एकोप्याने काम करणारी माणसे जास्त चुका कशा करतील, हे काही केल्या पटेना. मग एक वेगळी शक्यता त्यांच्या लक्षात आली. या टीम जास्त चुका करत नसाव्यात, तर जास्त चुका सांगत असाव्यात.

शंका पडताळण्यासाठी त्यांनी एका सहायकाला वॉर्डांमध्ये पाठवले. त्याला चुकांचे आकडे सांगितले नव्हते, कोणती टीम चांगली ठरली हेही सांगितले नव्हते. केवळ निरीक्षण आणि मुलाखती यांच्या आधारे त्याने वॉर्ड किती मोकळे आहेत, याची क्रमवारी लावली. चुकांच्या आकड्यांशी ती जवळपास तंतोतंत जुळली. काही वॉर्डांत चूक झाली की मुख्य परिचारिकेला लगेच सांगितले जाई आणि ती का झाली यावर बोलणे होई. काहींत मात्र चूक कबूल करणे म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहणे होते. तिथे चुका लपत होत्या, म्हणूनच आकडे कमी दिसत होते. हे संशोधन १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले.

आपल्याकडे 'झाकली मूठ सव्वा लाखाची' म्हणतात. वॉर्डात मात्र ही मूठ रुग्णाला महागात पडते. औषध रुग्णापर्यंत पोहोचण्याआधी डॉक्टर ते लिहितात, कोणी तरी ते उतरवून घेतो, औषध विभाग ते देतो आणि शेवटी सिस्टर ते रुग्णाला देते. कुठल्याही टप्प्यावर दशांश चिन्ह निसटू शकते किंवा सारख्या दिसणाऱ्या दोन बाटल्यांची अदलाबदल होऊ शकते. चूक सांगितली गेली तर त्या बाटल्या वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवता येतात. ती दडली तर पुढच्या पाळीतली सिस्टर त्याच खड्ड्यात पडते.

वाटलेली शंका, झालेली चूक किंवा साधा प्रश्न मांडला तर आपल्याला कमी लेखले जाणार नाही, हा टीममधला सामाईक विश्वास म्हणजे 'मानसिक सुरक्षितता'. एका कारखानदार कंपनीतील ५१ टीमचा अभ्यास करून एडमंडसन यांनी १९९९ मध्ये ही कल्पना सविस्तर मांडली. मानसिक सुरक्षितता म्हणजे ढिलाई नव्हे. कामाची अपेक्षा कडकच ठेवायची, पण बोलणाऱ्याला धाक वाटता कामा नये.

हा धाक पदाच्या उतरंडीतून येतो. इन्ग्रिड नेम्बहार्ड यांनी एडमंडसन यांच्यासोबत नवजात बालकांच्या २३ अतिदक्षता विभागांचा अभ्यास केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मोकळेपणाने बोलता येते असे डॉक्टरांना सर्वाधिक वाटत होते, परिचारिकांना त्याहून कमी आणि श्वसनोपचार तंत्रज्ञांना सर्वांत कमी. पण जिथे वरिष्ठ डॉक्टर स्वतःहून इतरांचे मत विचारत आणि ते ऐकून घेत, तिथे ही दरी कमी झालेली आढळली.

या उतरंडीत समाजाच्या वळणाचाही वाटा असतो. गीर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या अनेक देशांतील कर्मचाऱ्यांच्या पाहणीवरून 'सत्ता-अंतर' मोजले. त्यात भारताचा गुणांक ७७ आणि अमेरिकेचा ४० आला. देशाच्या सरासरीवरून एखाद्या माणसाचा स्वभाव ठरत नाही, हे खरे. तरीही मोठ्यांच्या मध्ये बोलू नये, हे ऐकतच आपण वाढतो. हाउसमनला सरांच्या प्रिस्क्रिप्शनबद्दल शंका आली, तर ती ओठांवर येईपर्यंत तो दहादा विचार करतो.

ही सवय बदलायला फार मोठा खर्च लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया सुरक्षा तपासणी यादीत एक साधी पायरी आहे. चीर देण्यापूर्वी टीममधल्या प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे. एकदा तोंड उघडलेल्या माणसाला पुढे बोलणे सोपे जाते, हा त्यामागचा विचार. दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ही यादी वापरून पाहिली गेली. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे दिसले. हे श्रेय अर्थातच संपूर्ण यादीचे. एकट्या ओळख करून देण्याचे नव्हे.

वरिष्ठांसाठी यातला धडा सोपा आहे. 'काही शंका?' असे जाता जाता विचारले, तर उत्तर 'नाही सर' हेच येणार. 'या डोसबद्दल तुम्हाला काय खटकते?' असे विचारून थांबले, तर कोणी तरी बोलते. कनिष्ठानेही 'सर, तुमचे चुकले' म्हणण्याची गरज नसते. 'वजनाच्या मानाने हा डोस मला जास्त वाटतो, एकदा पाहता का?' एवढे पुरते.

नातेवाईकांनीही 'हे औषध कशासाठी?' हे विचारायला संकोचू नये. सिस्टरने न चिडता केसपेपर पुन्हा पाहिला, तर तो वॉर्ड भरवशाचा समजायला हरकत नाही.