पोर्ट लुईला कामासाठी येताना

पोर्ट लुई, मॉरिशस

ओळखीतले एक पुण्याचे कारखानदार घरच्या गणपतीची प्रतिष्ठापना करून रात्रीच निघाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इथे उतरले. भेटी ठरवल्या नव्हत्या. तिथे आपलीच माणसं, जाऊन भेटू, असा हिशेब. सगळी दारं बंद. गणेश चतुर्थीला इथे सरकारी सुटी असते, पण विसर्जनाच्या बेताने ती गेली काही वर्षं आपल्या चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी येते. ही सुटी इथल्या मराठी समाजाची आहे. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात मुख्यतः कोकणातून, उसाच्या मळ्यांवरच्या करारी मजुरीला आले.

म्हणून आधी सुट्यांची यादी पाहा. कावडी, चिनी नववर्ष, महाशिवरात्र, गुढीपाडव्याच्या दिवशीचा उगादी, ईद, दिवाळी, नाताळ, शिवाय २ नोव्हेंबर. १८३४ साली त्या दिवशी 'अॅटलस' जहाजातून भारतीय मजूर इथे उतरले होते. त्यांच्या धक्क्याची जागा, आप्रवासी घाट, बंदरातच आहे. दोन बैठकांच्या मध्ये तासभर काढून जरूर पाहा.

भाषेबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपली माणसं इथेच चुकतात. समोरच्याचं नाव रामचंद्र असलं म्हणून तो हिंदी बोलेल असं नाही. घरात आणि बाजारात क्रिओल, वर्तमानपत्रं मुख्यतः फ्रेंच, सरकारी कागद इंग्रजी. तुमच्याशी इंग्रजीत बोलणारी माणसं आपापसात क्रिओलवर येतात. तेव्हा रुसू नका, ती काही लपवत नसतात. खोलीत शिरताना 'बोंझूर' म्हणा, प्रत्येकाशी हात मिळवा, मगच कामाचं काढा. करारनामा मात्र स्थानिक वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. नागरी कायद्याचा पाया फ्रेंच संहितेचा, कंपनी कायदा इंग्रजी वळणाचा, आणि शेवटचं अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं. भाव ठरवताना रुपया कोणता, तेही लिहून घ्या. इथल्या चलनाचं नावही रुपयाच, पण तो आपल्यापेक्षा बराच भारी आहे.

विमानतळावर येण्याचं खरं कारण सांगा. कामाला येऊन पर्यटक म्हणवून घेऊ नका. यजमान कंपनीचं पत्र, परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता हाताशी ठेवा. घड्याळ दीड तास मागे करा. प्लग मुख्यतः ब्रिटिश पद्धतीचे, तीन चौकोनी पिनांचे, अॅडॅप्टर आणा. यूपीआय इथे फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालं, तरी थोडी रोख रक्कम जवळ असू द्या.

विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला, पोर्ट लुई वायव्येला. अंतर पन्नासेक किलोमीटर, पण सकाळी राजधानीच्या तोंडाशी गाड्या तुंबतात. काम एबेनच्या सायबरसिटीत असेल तर राहायला पठारावरच्या गावांत जागा शोधा. तिथून राजधानीत यायला मेट्रो आहे. ती लार्सन अँड टुब्रोने बांधली. बेट लहान असलं तरी हवा एक नाही. बंदरात घाम निघत असतो तेव्हा पठारावरच्या क्युरपीपला पाऊस लागलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे स्वेटर लागतो.

नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ. या काळात परतीच्या तिकिटात एक-दोन दिवस मोकळे ठेवा, असं मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. इशाऱ्याचे चार वर्ग आहेत. तिसरा लागला की कचेऱ्या, बस, सगळं बंद होतं. मग हॉटेलबाहेर पाऊल टाकू नका. 'बेलाल' वादळात, १५ जानेवारी २०२४ ला, याच शहराच्या रस्त्यांवरून मोटारी वाहून गेल्या. बाहेर वारा नाही, ऊन पडलंय, असं दिसलं तरी इशारा मागे घेतला जाईपर्यंत थांबायचं. इथली जुनी माणसं या नियमाची थट्टा करत नाहीत.

भेटी शक्यतो सकाळीच ठेवा. दुपारी चारनंतर माणसं घराकडे निघतात आणि अंधार पडेपर्यंत पोर्ट लुई ओस पडतं. जेवणासाठी हॉटेल शोधत बसू नका. मध्यवर्ती बाजाराजवळ हातगाडीवर धोलपुरी मिळते. चण्याच्या डाळीचं पुरण, पण बिनगोडाचं. वर घेवड्याची आमटी आणि चटणी. मागताना एक मागू नका, ती जोडीनेच देतात.