लखनौचे विद्यापीठ आणि उताराच्या पुढचे काम

कॉलेजच्या दारात सिमेंटचा एक उतार ओतला की ‘आमची इमारत दिव्यांगस्नेही’ असे जाहीर करून टाकायची आपल्याकडे रीत आहे. पण उतार चढून आत आलेल्या विद्यार्थ्याला वर्गात पोचायचे असते, शिकवलेले समजून घ्यायचे असते, मध्येच स्वच्छतागृहात जायचे असते, शेवटी परीक्षाही द्यायची असते. ही सगळी वाटचाल गृहीत धरून उभे केलेले एक विद्यापीठ लखनौला मोहान रोडवर आहे : डॉ. शकुंतला मिश्रा राष्ट्रीय पुनर्वास विद्यापीठ.

निम्म्या जागा

उत्तर प्रदेश सरकारने २००८ मध्ये हे विद्यापीठ स्थापन केले. ते उच्च शिक्षण विभागाच्या नव्हे, दिव्यांगजन सशक्तीकरण विभागाच्या अखत्यारीत येते. इथल्या निम्म्या जागा दिव्यांगांसाठी राखीव आहेत आणि त्यांतल्याही निम्म्या दृष्टिबाधितांसाठी. बाकीच्या जागांवर इतर मुले-मुली येतात.

याच राज्यात चित्रकूटला जगद्गुरू रामभद्राचार्यांनी २००१ मध्ये एक विद्यापीठ काढले होते. ते मुळात केवळ दिव्यांगांसाठी होते. दोन्ही प्रयोग मोलाचे आहेत. मला लखनौची वाट जास्त पटते. पदवी घेऊन बाहेर पडल्यावर सगळ्यांना एकाच कचेरीत काम करायचे असेल, तर एका बाकावर बसायची सवय आधीच लागलेली बरी.

शिवाय संख्येचा परिणाम असतो. देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ३२ नुसार सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात. म्हणजे साठांच्या वर्गात तीन. तिघांची सोय ‘करून देतात’, आणि करून दिलेली सोय कधीही विसरली जाऊ शकते. साठांत तीस असतील तर फळ्यावर नुसते लिहून ‘हे असं, ते तसं’ म्हणणाऱ्या प्राध्यापकाला आपली पद्धतच बदलावी लागते.

जोत्यापासून स्वच्छतागृहापर्यंत

उताराचे गणित सोपे आहे. उंची एक तर लांबी बारा. जुन्या इमारतीचे जोते साधारण चार पायऱ्यांचे, म्हणजे ६० सेंटिमीटर उंच धरले, तर उतार ७.२ मीटर लांब हवा. जागा नाही म्हणून तो तीन मीटरांत उरकला, की चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला ढकलायला दोघे लागतात आणि उतरताना जीव मुठीत धरावा लागतो. असला उतार नसलेलाच बरा. निदान कागदोपत्री ‘आहे’ अशी नोंद तरी होत नाही.

पुढे दार ९०० मिलीमीटर मोकळे हवे आणि खुर्ची जागेवर वळवायला १५०० मिलीमीटरचे वर्तुळ. लिफ्टची बटणे बसलेल्या माणसाच्या हाताला यावीत, त्यांवर ब्रेल असावे, मजला कोणता ते लिफ्टने बोलून सांगावे. जमिनीवरच्या पिवळ्या फरश्या शोभेसाठी नसतात : उभ्या रेघा म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांबा, पुढे वळण किंवा जिना आहे. त्या फरश्यांवर दुचाक्या लावल्या की पांढरी काठी घेऊन येणाऱ्याची वाट तिथेच संपते.

स्वच्छतागृहाबद्दल बोलायला संकोच वाटतो आणि नेमकी तिथेच सर्वांत जास्त हयगय होते. दार बाहेर उघडणारे किंवा सरकते हवे, कारण आत कोणी पडले तर आत उघडणारे दार त्याच्याच अंगाला अडते. भिंतीला पक्के आधारदांडे हवेत. आणि त्याला कुलूप लावून किल्ली शिपायाकडे ठेवायची नाही, त्यात झाडू-बादल्या रचायच्या नाहीत. वापरता येईल असे स्वच्छतागृह नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली आहेत. हा प्रश्न थेट तब्येतीचा आहे.

वाचणारा संगणक आणि न वाचता येणाऱ्या नोट्स

अंध विद्यार्थी आज ब्रेलइतकाच, कित्येकदा ब्रेलपेक्षा जास्त, पडदावाचकावर अवलंबून असतो. एनव्हीडीएसारखे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि ते पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवते. अडचण वेगळीच आहे. पानांचा फोटो काढून केलेली पीडीएफ त्याला चित्र वाटते, त्यामुळे ते गप्प बसते. लखनौकडे क्रुतिदेवमध्ये आणि आपल्याकडे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या नोट्स तर आणखी घोटाळा करतात : डोळ्यांना सुरेख देवनागरी दिसते, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरे आणि चिन्हे. पडदावाचक ती निरर्थक अक्षरेच वाचत सुटतो. उपाय बिनखर्चाचा आहे, युनिकोडमध्ये टाइप करणे. उतार बांधायला निविदा लागते, याला लागत नाही. तरीही प्रश्नपत्रिका जुन्याच फॉन्टमध्ये निघतात, याचे कारण मला तरी आळसाखेरीज दुसरे दिसत नाही.

छापील पुस्तक वाचता येईल अशा रूपात बदलायला २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइटचा अडसर नाही. याच विषयावरचा मराकेश करार मंजूर करणारा भारत हा पहिला देश होता, २०१४ मध्ये. आपल्याकडे मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले दृष्टिबाधितांसाठीचे केंद्र २००३ पासून हे काम करते आहे. एका कॉलेजच्या आवारात काय उभे राहू शकते, ते पाहायला लखनौपर्यंत जायचीही गरज नाही.

कर्णबधिरांसाठी वर्गात सांकेतिक भाषेचा दुभाषी लागतो. प्रशिक्षित दुभाषी देशात कमी आहेत, म्हणून ही सोय सर्वांत मागे पडते. तोपर्यंत प्राध्यापकाने निदान वर्गाकडे तोंड करून बोलावे, पाठ करून नव्हे.

परीक्षेत

लेखनिक किंवा जादा वेळ ही मेहेरबानी नाही. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दर तासाला किमान २० मिनिटे जास्त मिळतात. तीन तासांच्या पेपरला एक तास. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराच्या दाव्यात, विकास कुमार खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये स्पष्ट केले की लेखनिक मिळण्यासाठी प्रमाणपत्रावर ४० टक्के दिव्यांगत्व असलेच पाहिजे असे नाही.

मुदत संपलेली आहे

२०१६ च्या कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षे दिली होती. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे मुदत जून २०२२ मध्ये संपली. १५ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांबाबत स्वतंत्र निकाल देऊन ५ टक्के जागा आणि सुगम्यता दोन्हींवर बोट ठेवले. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीपुरते ठेवता येणार नाहीत, किमान काही निकष सक्तीचे हवेत. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा मोडल्यास ५० हजार ते ५ लाख.

तक्रार कुठे करायची

आधी प्राचार्य किंवा कुलसचिवांकडे लेखी, पोच घेऊन. संस्थेचे समान संधी धोरण आहे का, तेही त्याच अर्जात विचारा. दाद लागली नाही तर राज्य दिव्यांग आयुक्तांकडे. महाराष्ट्रात त्यांचे कार्यालय पुण्यात आहे. केंद्रीय संस्था असेल तर दिल्लीतल्या मुख्य आयुक्तांकडे. अर्जात ‘गैरसोय होते’ एवढेच लिहू नका. टेप घेऊन उताराची उंची-लांबी आणि दाराची रुंदी मोजा, कुलूपबंद स्वच्छतागृहाचा तारखेसह फोटो जोडा. आणि हा अर्ज दिव्यांग विद्यार्थ्यानेच करावा असे कुठेही लिहिलेले नाही. त्याच्या शेजारी बसणाऱ्यानेही करावा.