एका लेनमध्ये किती मुलं?

एप्रिल निम्मा झाला की क्लबच्या पालकांच्या ग्रुपवर जाहिराती यायला लागतात. निळंशार पाणी, गॉगल लावलेलं हसरं पोर आणि ‘ॲडव्हान्स्ड स्विमिंग कॅम्प, 21 दिवस’. यातल्या बऱ्याच जाहिराती पोहायला शिकवणाऱ्या बॅचच्याच असतात, फक्त नाव भारदस्त. पाण्याची भीती घालवायला त्या उत्तम. पण जे मूल जिल्ह्याच्या, राज्याच्या मीटला उतरतं, ज्याचं फिफ्टी फ्रीस्टाइलचं टायमिंग आईला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं, त्याचं तिथे काम नाही.

त्याला मे महिन्यात मुळात बाहेर का पाठवायचं? एक कारण साधं आहे. सुट्टीत आपल्या नेहमीच्या टँकवर शिकाऊ मुलांची झुंबड उडते आणि स्पर्धक मुलांच्या वाट्याला एखाद-दुसरी लेन उरते. दुसरं कारण वेळापत्रकाचं. गेली काही वर्षं ज्युनिअर नॅशनल्स जुलै-ऑगस्टमध्ये होतात, राज्याची निवड त्याआधी. म्हणजे मे हा तयारीचाच महिना. मात्र त्यात एक मेख आहे. स्ट्रोकमध्ये मोठी दुरुस्ती केली की मूल आधी काही आठवडे मंदावतं. जुनं अंगवळणी पडलेलं सुटतं आणि नवं अजून बसलेलं नसतं. राज्याची मीट तोंडावर असेल तर अशा दुरुस्तीचा कॅम्प नको. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कोणी अक्षर बदलायला घेत नाही.

म्हणून पहिला प्रश्न कॅम्पवाल्यांना नाही, आपल्या कोचना विचारायचा: “सर, हिचं नेमकं कुठे अडतंय?” उत्तर एका वाक्यात मिळालं पाहिजे. दम कमी पडतो, की टर्नला वेळ जातो, की स्टार्टला पाय घसरतात? माझी मुलगी बारा वर्षांची, ब्रेस्टस्ट्रोकवाली. तिच्याबाबत सरांनी सांगितलं, “पुलआउट वाया घालवते.” ब्रेस्टमध्ये उडी मारल्यावर आणि प्रत्येक टर्ननंतर पाण्याखाली हात मांड्यांपर्यंत ओढायची एकदाच मुभा असते, सोबत एक डॉल्फिन किक. ही घाईघाईने वर यायची आणि भिंतीवरून मिळालेला वेग तिथेच सोडून द्यायची. एवढं कळल्यावर निम्म्या जाहिराती आपोआप बाद झाल्या.

उरलेल्यांपैकी निवडायचं तर फी भरण्याआधी एका सकाळी टँकच्या कठड्यावर जाऊन बसावं. फोटोत न दिसणारी पहिली गोष्ट म्हणजे एका लेनमध्ये किती मुलं आहेत. हा हिशोब सोपा आहे. लेनमध्ये मुलं एका बाजूने जातात, दुसऱ्या बाजूने परत येतात आणि पाच-पाच सेकंदांच्या अंतराने सुटतात. बारा वर्षांच्या मुलाला 50 मीटरला साधारण 45 सेकंद लागतात असं धरू. दहा मुलं असतील तर दहावा सुटतो 45व्या सेकंदाला. टँक 25 मीटरचा असेल तर तेवढ्यात पहिला जाऊन परतही आलेला असतो आणि दहाव्याच्या पायांवर आदळतो. मग कोच करतात काय, निम्म्यांना भिंतीशी उभं ठेवतात. दोन तासांच्या बॅचमधला तासभर तुमचं मूल गॉगल पुसत असतं. 50 मीटरच्या टँकमध्ये दहा जण निभावतात, 25च्या टँकमध्ये पाच-सहाच. टँकची लांबी मात्र स्पष्ट विचारून घ्या, कारण गावोगावचे जुने टँक वेगवेगळ्या मापांचे असतात आणि तिथलं टायमिंग मीटमध्ये उपयोगी पडत नाही.

लांबीवरून आणखी एक. 100 मीटरच्या शर्यतीत 50च्या टँकमध्ये एकच टर्न लागतो, 25च्यात तीन. सगळे मोठ्या टँकच्या मागे असतात, पण टर्न सुधारायचा असेल तर छोटा टँक जास्त कामाचा. आम्ही यंदा तशाच टँकवरचा कॅम्प घेतला.

बसल्या बसल्या कोचकडेही बघावं. ते एकेका मुलाला नावाने हाक मारतात का? हातात स्टॉपवॉच आहे की मोबाईल? ‘आठ हंड्रेड, दोन मिनिटांवर’ असा सेट दिल्यावर मुलं भिंतीवरचं घड्याळ बघून सुटतात, की शिट्टीची वाट बघतात? घड्याळ बघून सुटणाऱ्या मुलांना सेट कळलेला असतो. एखाद्याला पाण्याबाहेर बोलावून हात कसा जायला हवा ते कोरड्यावर दाखवलं, तर तो कोच माझ्या मते अर्धी फी तिथेच वसूल करून देतो.

स्टार्ट शिकवणार असतील तर खोली विचारा. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे जिथे स्टार्टिंग ब्लॉक आहेत तिथे भिंतीपासून एक मीटरवर सुरू होऊन सहा मीटरपर्यंत पाणी किमान 1.35 मीटर खोल हवं. उथळ बाजूला ब्लॉक ठोकलेले दिसले तर तिथे मुलाला उडी मारू देऊ नका.

आता निवासी कॅम्पबद्दल. याबाबत माझे हात पोळलेले आहेत. गेल्या वर्षी मुलीला एका कॅम्पला पाठवलं, सकाळ-संध्याकाळ पोहणं, ‘रोज आठ किलोमीटर’ हे त्यांचं आकर्षण. मलाही ते ऐकून बरंच वाटलं होतं. घरी ती आठवड्याला नऊ किलोमीटर पोहायची. तिथे पाच दिवसांत चाळीस. 50 मीटरला एका हाताचे वीस फेरे धरले तर एका खांद्याचे साडेतीन हजारांवरून थेट सोळा हजार. दहाव्या दिवशी फोन आला, “आई, वेणी घालताना हात वर जात नाही.” जून सगळा फिजिओकडे गेला. तेव्हापासून मी विचारते: पहिल्या आठवड्यात अंतर किती, आणि ते कशाच्या आधाराने ठरवता? “सगळ्यांना सारखंच” असं उत्तर आलं की नमस्कार करून निघते.

मुलगी असेल तर टँकवर आणि मुक्कामाला बाई-कोच आहे का, पाळी आली तर बोलायचं कोणाशी, हे आधीच विचारून घ्या. लाजण्यासारखं त्यात काही नाही. डब्यावर नाव-गाव नसलेली पावडर कोणी देत असेल तर ती घ्यायची नाही, हे मुलाला घरूनच सांगून ठेवा.

कोणी तरी हटकून वीरधवल खाडेचं उदाहरण देतं. कोल्हापूरचा मुलगा, सोळाव्या वर्षी 2008च्या बीजिंग ऑलिंपिकला गेला, 2010च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायला ब्राँझ. खरं आहे, पण बंगळुरूला कोच निहार अमीन यांच्याकडे त्याने सराव केला तो वर्षानुवर्षं. तीन आठवड्यांचा कॅम्प हा त्याचा छोटा अवतार नव्हे. तीन आठवड्यांत एक गोष्ट सुधारते, फार तर दोन.

आणि ती एक गोष्ट घरच्या टँकवर टिकली पाहिजे. आम्ही यंदा कॅम्पच्या कोचना शेवटच्या दिवशी अर्धं पान लिहून मागितलं. त्यांनी वहीच्याच कागदावर लिहिलं: ‘ग्लाइडमध्ये दोन आकडे मोज. हनुवटी खाली. वर येण्याआधी डोकं उचलू नको.’ सोमवारी आमच्या सरांनी तो कागद वाचला, ओल्या हाताने घडी करून खिशात टाकला आणि तिला म्हणाले, “आज फक्त टर्न. प्रत्येक टर्नला दोन मोजून वर ये, मी इथेच उभा आहे.”