मागे उभं असलेलं कुणीतरी

नॉर्वेच्या लोककथांमध्ये 'वारडोगर' नावाचा सोबती भेटतो. माणूस अजून वाटेतच असतो, पण घरातल्यांना अंगणात त्याची पावलं वाजलेली, बुटांवरचा बर्फ झटकलेला, कुलपात किल्ली फिरलेली ऐकू येते. दार उघडावं तर बाहेर कुणी नाही. थोड्या वेळाने तेच आवाज पुन्हा होतात, आणि आता माणूस खरंच दारात उभा असतो. त्याच्यापुढे त्याचा आत्मा चालत येऊन वर्दी देतो, अशी ही समजूत.

वाट पाहणारं मन ओळखीचे आवाज स्वतःच पुरवतं, आणि माणूस पाठोपाठ आला तेवढेच प्रसंग लक्षात राहतात, हे स्पष्टीकरण मला पटतं. पण आवाजही नाही, आकृतीही नाही, आणि तरीही 'इथे कुणीतरी आहे' ही पक्की खात्री वाटते, तिचं काय?

याचा मोठा धागा २००६ साली स्वित्झर्लंडमध्ये हाती लागला. अपस्माराच्या शस्त्रक्रियेपूर्वी एका २२ वर्षांच्या तरुणीच्या मेंदूची तपासणी चालू होती. डाव्या कानाच्या वरच्या बाजूला, मेंदूचे दोन खंड जुळतात तिथे, डॉक्टरांनी सौम्य विद्युतप्रवाह दिला. तिला वाटलं, पाठीमागे कुणीतरी आहे. ती आडवी होती तेव्हा तोही आडवा होता. ती उठून गुडघ्यांना मिठी मारून बसली, तर तोही बसला आणि त्याने तिलाच कवेत घेतलं; तिला ते नकोसं झालं. तो तिची प्रत्येक हालचाल उचलत होता, पण ते आपलंच शरीर आहे हे तिच्या ध्यानात आलं नाही. शरीर कुठे आहे, कसं आहे याचा हिशेब मेंदूचा हाच भाग ठेवतो. तो हिशेब विस्कटला की स्वतःचंच शरीर परकं होऊन शेजारी उभं राहतं.

त्याच गटातले मेंदूशास्त्रज्ञ ओलाफ ब्लँके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे २०१४ मध्ये धडधाकट माणसांवर एक देखणा प्रयोग केला. डोळ्यांवर पट्टी, बोट समोरच्या यंत्रात. बोटाने पुढे टोचलं की मागचा यंत्रमानव त्याच क्षणी पाठीत तसंच टोचायचा. लोकांना वाटायचं, आपण आपल्याच पाठीला हात लावतोय. मग त्या स्पर्शाला अर्ध्या सेकंदाचा उशीर केला. तेवढ्याने काहींना मागे कुणीतरी उभं असल्याचं जाणवू लागलं. दोघांनी तर प्रयोग थांबवायला सांगितलं. आपण हालचाल करतो तेव्हा तिचा परिणाम काय होणार याचा अंदाज मेंदू आधीच बांधतो. म्हणूनच स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत. अंदाज आणि स्पर्श यांची वेळ चुकली की तो स्पर्श दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर जातो.

गिर्यारोहकांचे अनुभव मला या उजेडात वाचावेसे वाटतात. १९३३ मध्ये फ्रँक स्माइथ एव्हरेस्टवर एकटेच वर जात होते. थकवा, थंडी, विरळ हवा. सोबत कुणीतरी आहे ही भावना इतकी गडद होती की त्यांनी खिशातल्या पुदिन्याच्या वडीचे दोन तुकडे केले आणि एक द्यायला मागे वळले. त्यांना त्या सोबत्याचा आधार वाटत होता.

जोडीदार गेलेल्यांनाही असाच आधार मिळतो. वेल्समधले डॉक्टर डेवी रीस यांनी २९३ विधवा-विधुरांशी बोलून १९७१ मध्ये निष्कर्ष मांडले. जवळपास निम्म्यांना गेलेल्या माणसाचा काही ना काही अनुभव आला होता, आणि त्यात सर्वाधिक होती ती नुसती चाहूल. बहुतेकांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. इतकी माणसं इतकी वर्षं गप्प राहिली, याचं वाईट वाटतं. आपल्याकडे तर 'बाहेरचं काही' असेल या धाकाने घरातलं माणूस तोंडच उघडत नाही.

पार्किन्सनच्या रुग्णांनी तर हे सांगायलाच हवं. त्यांच्यात शेजारी किंवा मागे कुणी असल्याचा भास बराच आढळतो, कधी हात थरथरण्याच्याही आधी. २०२१ मध्ये तोच यंत्रमानव या रुग्णांसाठी वापरला गेला. ज्यांना असे भास होत होते, त्यांच्यावर त्या उशिरा आलेल्या स्पर्शाचा परिणाम अधिक झाला. औषधांमुळेही असे भास होऊ शकतात, आणि डॉक्टरांना मात्रा बदलता येते. त्यासाठी पुढच्या भेटीत एवढंच विचारावं लागतं: आजोबा, खोलीत एकटे असताना कुणी जवळ असल्यासारखं वाटतं का?