धान्याची रास, एक दोरी आणि शंकूचं घनफळ

मंडळी, वृत्तचितीचं घनफळ आपण मागच्या वेळी पाहिलं: तळाचं क्षेत्रफळ गुणिले उंची. तेवढाच तळ आणि तेवढीच उंची असलेल्या शंकूत त्याच्या बरोबर एक तृतीयांश मावतं.

आता खळ्यावरची धान्याची रास घ्या. रास म्हणजे शंकूच. पण सूत्राला हवी त्रिज्या, आणि राशीचा मध्य तर धान्याखाली! दोरी फिरवून मोजता येतो तो फक्त परीघ. म्हणून भास्कराचार्य 'लीलावती'त (इ.स. ११५०) सांगतात, की परिघाचा सहावा भाग घ्या, त्याचा वर्ग करा आणि उंचीनं गुणा.

हे आलं कुठून? 'पाय'ची किंमत ३ धरली, की परिघाचा सहावा भाग हीच त्रिज्या. सूत्रात वर 'पाय', खाली ३. दोन्ही कटले, उरला त्रिज्येचा वर्ग गुणिले उंची.

उंचीसुद्धा ते परिघावरूनच काढतात. जाड धान्य असेल तर परिघाचा दहावा भाग, बारीक असेल तर अकरावा, कुसळाचं असेल तर नववा. कारण प्रत्येक धान्य आपापल्या उतारावर स्थिरावतं. परीघ ६० हात, धान्य जाड, तर उंची ६ हात. १० चा वर्ग १००, गुणिले ६, म्हणजे ६०० घनहात.

पण 'पाय' ३ पेक्षा थोडा मोठा आहे. खरं उत्तर येतं सुमारे ५७३. म्हणजे अंदाज जवळपास पावणेपाच टक्के जास्त. अशा अंदाजावर सौदा झाला, तर तोटा घेणाऱ्याचा. ३९२७ भागिले १२५० ही अचूक किंमत भास्कराचार्य त्याच ग्रंथात देतात. पण खळ्यावर तोंडी हिशेबाला ३ सोपा.

आता समजा, आभाळ भरून आलंय आणि हीच रास झाकायचीय. ताडपत्री किती लागेल? इथे हवं वक्रपृष्ठफळ, आणि त्यासाठी सरळ उंची नाही, तर तिरकस उंची लागते. टोकापासून कडेपर्यंत उतारावरून दोरी सोडा. कागदाचा शंकू कापून पसरला तर वर्तुळाची पाकळी मिळते. तिचं क्षेत्रफळ म्हणजे परीघ गुणिले तिरकस उंची, भागिले २. आपल्या राशीची तिरकस उंची सुमारे ११.३ हात, म्हणजे ताडपत्री किमान ३३९ चौरस हात. तळ मात्र २८६ चौरस हातांचाच. नुसता तळ पाहून ताडपत्री आणली, तर कडेचं धान्य भिजणार!